जागा वाढल्या म्हणून डॉक्टर येत नाही

जिल्ह्याला मेडिकल कॉलेज मिळालं, आता गावोगावी डॉक्टर मिळतील. हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या व्यासपीठांवरून म्हटलं गेलं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटेनासं झालं आहे. २०२१ मध्ये अलिबागला १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा रायगडात ते ऐकू आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोलीपासून अंबरनाथपर्यंत राज्यातल्या दहा नव्या सरकारी महाविद्यालयांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं, तेव्हा राज्यभर ऐकू आलं. पाच वर्षांत ७५ हजार नव्या जागांचं आश्वासन केंद्र सरकारने दिलेलं असल्याने यापुढेही ऐकावं लागणार आहे.

कॉलेज नको असं कुणी म्हणत नाही. रायगडाला ते हवंच होतं आणि फार उशिरा मिळालं. माझा आक्षेप त्या वाक्यातल्या ‘आता’ला आहे. प्रवेश कुणाला मिळतो, त्याला शिकवतं कोण आणि तो शिकतो कुठे बसून, हे सगळं होतं तसंच ठेवून नुसत्या जागा वाढवल्या, तर आधीचे डॉक्टर जिथे गेले तिथेच नवेही जातील. फार तर तिथली गर्दी वाढेल. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल उजाडला की पेणच्या खारेपाटात टँकरची वाट बघावी लागते. पडणं आणि पोचणं यांत किती अंतर असतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आकडेच बघायचे तर बघू. २०१४ च्या सुमारास देशात एमबीबीएसच्या ५१ हजारांच्या आसपास जागा होत्या. २०२४ पर्यंत त्या एक लाख पंधरा हजारांच्या वर गेल्या. दहा वर्षांत दुपटीहून जास्त. या वाढीच्या बाजूने बोलणारे लगेच दुसरा आकडा पुढे करतात: डॉक्टर आणि लोकसंख्येचं प्रमाण २०२४ मध्ये १:८३६ झालं, म्हणजे हजारी एक या मापदंडाच्याही पुढे आपण गेलो. हा आकडा सरकारनेच संसदेत सांगितलेला आहे. पण त्याच्या हिशोबात नोंदणी झालेल्या ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ८० टक्के कामावर आहेत असं गृहीत धरलेलं आहे आणि पाच लाखांहून जास्त आयुष वैद्य मिळवलेले आहेत. ते राहू द्या. सरासरी खरी मानली तरी ती नागोठण्याच्या रुग्णाला तपासायला येत नाही.

नागोठणं मुद्दाम घेतो. डॉक्टरांच्या तुटवड्याची चर्चा निघाली की लगेच मेळघाट आणि गडचिरोली दाखवली जाते. तिथली परिस्थिती बिकट आहे यात वाद नाही, पण त्यामुळे प्रश्न ‘दुर्गमते’चा आहे असा समज पक्का होतो. नागोठणं दुर्गम नाही. मुंबई-गोवा महामार्गावर आहे, पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आहे, मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. शेजारी देशातल्या मोठ्या पेट्रोकेमिकल प्रकल्पांपैकी एक उभा आहे. गावाला बाजारपेठ आहे, शाळा आहेत, आंबा नदीवरचा जुना दगडी पूल आहे, आणि सरकारचं प्राथमिक आरोग्य केंद्रही आहे. रस्ता, वीज, गाडी यांपैकी एकही सबब इथे चालत नाही.

तरीही कोकणपट्टीतल्या अशा मध्यम गावात बाजारातून एक फेरी मारून दवाखान्यांच्या पाट्या वाचाव्यात. नव्या पाट्यांवर बीएएमएस आणि बीएचएमएस दिसेल. एमबीबीएस लिहिलेली पाटी असलीच तर रंग उडालेली, आणि आतल्या डॉक्टरांची मुलं पुण्यात किंवा परदेशात. एमबीबीएस होऊन जनरल प्रॅक्टिस करायला गावात नवा दवाखाना थाटणारा तरुण हा आता नवलाचा विषय झाला आहे. आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असतात. अकरा महिन्यांच्या आदेशावर येतात, पीजीचा अभ्यास करतात, नंबर लागला की जातात. त्यांच्या माघारी केंद्र चालतं ते सिस्टर, आशाताई आणि फार्मासिस्ट यांच्या जिवावर. रात्री काही झालं तर १०८ ची गाडी, आणि गाडीची दिशा रोहा, पेण, अलिबाग किंवा सरळ कामोठे. ‘पुढे पाठवलं’ हे दोन शब्द इथल्या कित्येक केसपेपरांवरचा मुख्य उपचार असतात.

नागोठणं तर असं गाव की इथे संकटं सांगून येत नाहीत. जुलै १९८९ च्या पुरात आंबेच्या पाण्याने वरच्या अंगाला जांभूळपाडा धुऊन नेलं आणि नागोठण्यातही हाहाकार उडाला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, त्या वेळच्या आयपीसीएलच्या गॅस क्रॅकर संकुलात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसं गेली. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून रखडत चाललं, त्या काळातल्या अपघातांची मोजदाद वेगळीच. इथे अकरा महिन्यांसाठी येणारा पाहुणा डॉक्टर काय कामाचा?

आता जागावाद्यांच्या युक्तिवादाकडे वळू. ते म्हणतात, पुरवठा वाढला की शहरात स्पर्धा वाढेल आणि डॉक्टर आपोआप बाहेर सरकतील. साबणाच्या बाबतीत हे खरं असेल. वैद्यकीत शहरातली गर्दी वाढली की डॉक्टर गाव गाठत नाही, तो आणखी एक पदवी घेतो. एमडी झालेल्यांची गर्दी झाली की डीएम. एमबीबीएस ही आज पदवी राहिलेलीच नाही, ती नीट-पीजीच्या परीक्षेला बसण्याची पात्रता झाली आहे. आणि वरच्या पदव्यांचा फायदा तरी गावाला होतो का? ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ मिळून लागतात त्यांपैकी सुमारे ८० टक्के नाहीत, असं केंद्राचीच ग्रामीण आरोग्य आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते आहे. याच काळात पीजीच्या जागाही भरपूर वाढल्या.

दुसरा युक्तिवाद बॉण्डवाल्यांचा. सरकारने शिकवलं, आता एक वर्ष सेवा द्या, नाही तर १० लाख भरा. हा नियम मला तत्त्वतः मान्य आहे. लोकांच्या पैशावर शिकलेल्याने लोकांचं थोडं देणं लागावं यात अन्याय काही नाही, आणि ‘आमच्यावर सक्ती का’ म्हणून दरवर्षी उठणाऱ्या आरोळीबद्दल मला फारशी सहानुभूतीही नाही. पण हा तुटवड्यावरचा इलाज आहे असं कुणी म्हणू नये. दहा लाख म्हणजे खासगी महाविद्यालयाची साधारण एका वर्षाची फी. ज्याच्या घरी ती ऐपत आहे तो सुटतो. ज्याच्या घरी नाही तो येतो आणि दिवस मोजतो. एका वर्षात त्याला गावातल्या वाड्यांची नावंही पाठ होत नाहीत. वेलशेतच्या वाटेवरच्या वाडीतली बाळंतीण कुणाकडे माहेरपणाला गेली आहे, कुठल्या घरातला माणूस क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडून वीटभट्टीवर निघून गेला आहे, हे ज्याला कळतं तो प्राथमिक डॉक्टर. हे कळायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. बॉण्डमुळे खुर्ची भरते एवढंच.

तिसऱ्या गटाला मी जास्त गंभीरपणे घेतो. तो म्हणतो, शिक्षणाचा यात काही संबंध नाही. पगार वेळेवर द्या, राहायला नीट क्वार्टर द्या, कंत्राट बंद करा, डॉक्टर झक्कत येतील. यातलं बरंचसं खरं आहे. गळक्या क्वार्टरमध्ये कुणी संसार थाटत नाही. अकरा महिन्यांच्या आदेशावर नेमलेल्या माणसाकडून निष्ठेची अपेक्षा करणं हा सरकारी विनोद आहे. डॉक्टरला मारहाण झाल्यावर गाव गप्प बसतं, हेही सांगायला हवं. पण मग नागोठण्यासारख्या ठिकाणी, जिथून पनवेल दीड-दोन तासांवर आहे आणि मुलांना इंग्रजी शाळा मिळू शकते, तिथे तरी हा प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटत नाही, कारण इथे यायचं असं मुळात त्या तरुणाच्या मनातच कधी आलेलं नसतं. ते मनात येण्याचं किंवा न येण्याचं ठिकाण म्हणजे मेडिकल कॉलेज. तिथे साडेपाच वर्षं काय घडतं ते पाहू.

आत कोण येतं इथून सुरुवात करतो. सप्टेंबर २०२० पर्यंत महाराष्ट्रात ७०:३० चं सूत्र होतं. राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना, ३० टक्के बाकीच्या राज्याला. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे तिथल्या मुलांवर अन्याय होत होता, आणि सूत्र रद्द झालं तेव्हा तिकडे आनंद झाला तो रास्तच होता. पण विभाग कोणते होते? विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. कोकणाला स्वतंत्र जागाच नव्हती. नागोठण्याची मुलगी दादर, कोथरूड आणि नाशिकच्या मुलांबरोबर एकाच रांगेत उभी होती. सूत्र गेलं, रांग आणखी लांब झाली. अलिबागचं कॉलेज तिच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर आलं. पण त्यातली एकही जागा ती रायगडची आहे म्हणून तिच्यासाठी नाही. जिल्ह्याचं कॉलेज म्हणजे जिल्ह्यात बांधलेलं कॉलेज, इतकाच त्याचा अर्थ.

आणि या रांगेत पुढे सरकायचं तर नीटची शिकवणी हवी. लातूर पॅटर्न, कोटा, नाही तर पनवेल-वाशीतले क्लासेस. बारावीनंतरचं एक वर्ष, कधी दोन वर्षं घरी बसून तयारी. हे ज्यांना परवडतं त्यांच्यातूनच निवड होते. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये हेच मांडलं: नीट आल्यावर ग्रामीण, तमिळ माध्यमाच्या आणि गरीब घरांतल्या मुलांचा एमबीबीएसमधला वाटा घटला. त्याआधीच, २०२० मध्ये, त्या राज्याने सरकारी शाळांतून शिकलेल्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या होत्या, आणि त्याही नीट उत्तीर्ण होणाऱ्यांमधूनच. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांच्या गुणगौरवाची भाषणं पुष्कळ होतात. असा कायदा करावा असं मात्र कुणाला सुचत नाही.

इथे ‘गुणवत्तेचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो. तो टाळण्यासारखा नाही. नापास मुलाला डॉक्टर करा असं माझं म्हणणं नाही. पण पात्रतेची रेषा ओलांडलेल्या हजारो मुलांमधून शंभर निवडायचे असतात, तेव्हा आपण ‘कशासाठी’ हे विचारायला नको का? भौतिकशास्त्राचे चार गुण जास्त मिळवणारा मुलगा आंबेघरच्या वाडीत जास्त चांगला डॉक्टर ठरेल, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. उलट ग्रामीण भागात वाढलेला विद्यार्थी ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता जास्त असते, हे निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत याच कारणाने अशा विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची शिफारस केली. हे अभ्यास बहुतेक निरीक्षणांवरचे आहेत, प्रयोगशाळेतले नाहीत, असा आक्षेप घेता येईल. घ्यावा. पण मग नुसत्या जागा वाढवून डॉक्टर गावात पोचतात, याचा तेवढाही पुरावा दाखवावा.

कायद्याची अडचण सांगणाऱ्यांनाही उत्तर आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात निवासाच्या आधारावर जागा राखणं घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएसच्या पातळीवर मात्र ते मर्यादित प्रमाणात चालू शकतं, हे याच निकालाने मान्य केलं. म्हणजे जे करायचं ते पहिल्या दारात करायला हवं. दुसऱ्या दाराला आता कुलूप लागलं आहे.

दार ओलांडून आत गेल्यावर मुलाला शिकवतं कोण? शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंत प्रत्येक विषय त्या त्या विषयाचा तज्ज्ञ शिकवतो. ज्याने आयुष्यभर जनरल प्रॅक्टिस केली, एकाच घरातल्या तीन पिढ्या तपासल्या, असा डॉक्टर साडेपाच वर्षांत एकदाही शिक्षक म्हणून त्याच्यासमोर उभा राहत नाही. फॅमिली मेडिसिनचा विभाग बहुतेक कॉलेजांत नाहीच. गावाशी संबंध येतो तो पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, पोस्टिंगमधून, आणि त्या पोस्टिंगची प्रतिष्ठा काय हे कुठल्याही इंटर्नला विचारावं. हजेरीचं कुणाशी तरी जमवून खोलीत नीट-पीजीचे प्रश्न सोडवण्याचे ते दिवस. २१-२२ वर्षांच्या मुलाला जे आदर्श दिसतात ते कॅथलॅबमधले आणि आयसीयूतले. मग त्याने आरोग्य केंद्राकडे शिक्षा म्हणून पाहिलं तर त्यात त्याचा दोष किती?

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. १९४६ च्या भोर समितीने ‘मूलभूत डॉक्टर’ हेच ध्येय ठेवलं होतं. त्या वेळी देशात सुमारे ४७ हजार डॉक्टर होते आणि त्यातले दोन-तृतीयांशाच्या आसपास पदवीधर नव्हते, लायसेन्शिएट होते. आपल्याकडच्या जुन्या लोकांना एल.सी.पी.एस. पाटीचे डॉक्टर आठवत असतील; १९१२ मध्ये स्थापन झालेलं मुंबईचं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ती परीक्षा घेत होतं. समितीने लायसेन्शिएट बंद करून सगळ्यांसाठी एकच पदवी ठेवायला सांगितलं. सहा सदस्यांनी मतभेद नोंदवला की असं केलं तर खेड्यांना डॉक्टर मिळणार नाहीत. त्यांचं ऐकलं गेलं नाही. पदवी एक झाली, पण तिचं शिक्षण खेड्याकडे तोंड करून होईल ही जी अट त्या कल्पनेत होती ती मागे राहिली. १९७७ मध्ये ‘रोम’ नावाची योजना आली: प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन विकास गट दत्तक घ्यायचे, विद्यार्थ्यांना तिथे शिकवायचं. ब्रिटनने त्यासाठी फिरत्या दवाखान्यांच्या गाड्याही दिल्या. गाड्या मोडीत निघाल्या आणि योजना त्यांच्यामागून गेली. आता २०२२ पासून ‘फॅमिली ॲडॉप्शन’ आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची. कल्पना चांगली आहे. पण बसमधून उतरून, रक्तदाब मोजून, फोटो काढून परत निघणाऱ्या घोळक्याला दत्तक कुटुंब म्हणजे काय ते कळेल, असं समजणं भाबडेपणाचं ठरेल.

या योजना का मरतात याचं एक कारण महाराष्ट्रात अगदी ठसठशीत दिसतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं. उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. अलिबागच्या प्राध्यापकाला नागोठण्याच्या केंद्रावर विद्यार्थी पाठवायचे तर पत्रव्यवहार करावा लागणार, आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्यांना शिकवलं तर त्याला त्याचं श्रेय नाही, मानधन नाही, ‘मानद व्याख्याता’ एवढी पदवीसुद्धा नाही. तो आधीच ओपीडी, लसीकरण, पोर्टलवरच्या नोंदी आणि शवविच्छेदन यांत बुडालेला. त्याच्या दारात वीस विद्यार्थी म्हणजे वीस खुर्च्यांची सोय बघणं. दोन मंत्री, तीन कार्यालयं आणि एक विद्यार्थी, जो या सगळ्यांतून एवढंच शिकतो की केंद्र ही आपली जागा नाही.

वास्तविक शिकण्यासारखं इथे काय कमी आहे? भात लावणीच्या दिवसांत सर्पदंश आणि लेप्टो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघालेली कातकरी कुटुंबं, त्यांच्यामागे अर्धवट राहिलेलं लसीकरण आणि वजन न वाढलेली पोरं. कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराचा खोकला. महामार्गावरचा अपघात, ज्यात पहिल्या तासात काय केलं यावर जीव ठरतो. एवढा अभ्यासक्रम मुंबईच्या कुठल्या वॉर्डात एकत्र मिळतो?

आणि आरोग्य केंद्रात बसून शास्त्रात भर घालता येते, हे तर याच जिल्ह्याने जगाला दाखवलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्यासमोर दगावत होती आणि पाठ्यपुस्तकात त्यावर कामाचं काही नव्हतं. त्यांनी रुग्णांशेजारी रात्री काढून लक्षणं लिहून ठेवली. विषामुळे हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी होतं हे ओळखलं, १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीने हे मृत्यू टळू शकतात हे त्यांनी सिद्ध केलं. तीस-चाळीस टक्क्यांवरचं मृत्युप्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यावर कुणी म्हणेल की बावस्कर काही रायगडचे नव्हते. बरोबर, ते जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पण म्हणूनच माझा मुद्दा जिल्ह्याच्या सीमेपुरता नाही. खेडं ज्याला परकं वाटत नाही असा माणूस आत यायला हवा. आणि बावस्करांसारखा माणूस दर दहा-वीस वर्षांत एकदा निघेल या भरवशावर राज्याची आरोग्यसेवा चालवता येत नाही. त्यांना जे स्वतःच्या हिमतीवर करावं लागलं, ते कॉलेजने सोपं करून द्यायचं असतं.

जमवून दाखवलेल्यांची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. तिथे प्रवेशासाठी गांधीविचारांचा पेपर असे, सुरुवातीलाच आश्रमात शिबिर, मग गावात राहून काम, आणि तिथल्या विद्यार्थ्याला तिथेच पीजी करायचं तर आधी ग्रामीण भागात दोन वर्षं सेवा. नीटने तो पेपर संपवला. एका राष्ट्रीय परीक्षेच्या सोयीसाठी आपण महाराष्ट्रातल्या एका कॉलेजची निवडीची स्वतंत्र रीत मोडली, आणि वर खेड्यात डॉक्टर नाहीत म्हणून गळा काढतो. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने याच प्रश्नावरून २०१७ मध्ये एमबीबीएसच्या शंभरपैकी ९९ जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. आपल्याकडे साधा निषेधाचा ठरावही फारसा गाजला नाही.

लांबचं उदाहरण हवंच असेल तर तेही आहे: जपानने १९७२ मध्ये जिची मेडिकल युनिव्हर्सिटी काढली. सगळ्या ४७ प्रांतांनी मिळून. प्रत्येक प्रांत आपले दोन-तीन विद्यार्थी निवडतो, त्यांचा खर्च उचलतो, आणि त्यांनी शिक्षणाच्या दीडपट, म्हणजे नऊ वर्षं, आपल्याच प्रांतात सेवा करायची. बहुतेक सगळे ती पूर्ण करतात आणि त्यातले पुष्कळ पुढेही प्रांतातच राहतात. हाही बॉण्डच आहे, आणि आपल्याहून नऊपट लांब. तरी तो चालतो, कारण तो आपल्या माणसांशी केलेला आहे. कुठेही पाठवतील या भीतीचा नाही. रायगड जिल्हा परिषदेने दरवर्षी आपल्या शाळांतल्या पाच मुलांची फी, वसतिगृह आणि नीटची तयारी यांचा खर्च उचलायचा आणि त्यांनी परत येऊन जिल्ह्यात काम करायचं, हे अशक्य आहे का? जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून वह्या आणि सोलर दिवे वाटून झाले असतील, तर याकडे वळायला हरकत नाही.

मधला मार्ग सुचवणारे तीन वर्षांच्या ग्रामीण डॉक्टरचं नाव घेतात. छत्तीसगडने २००१ मध्ये तसा अभ्यासक्रम सुरू केला, वादात २००८ मध्ये बंद केला. तिथे तयार झालेले लोक आरोग्य केंद्रांत लागले आणि प्राथमिक आजारांच्या बाबतीत ते एमबीबीएसच्या तोडीचं काम करतात असं पाहणीत दिसलं. आसामचा तसाच कायदा न्यायालयात टिकला नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या लोकांच्या कामाबद्दल मला आदर आहे. आपल्याकडेही उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बीएएमएस झालेली मुलं-मुली चांगलं काम करतात. याच अलिबाग तालुक्यात, मांडव्याच्या परिसरात, डॉ. नोशीर अंतियांनी १९७० च्या दशकात गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन किती काय होऊ शकतं ते दाखवलं होतं, आणि ते स्वतः होते प्लास्टिक सर्जन! पण ही माणसं डॉक्टरच्या जोडीला हवीत. शहराला पूर्ण शिकलेला डॉक्टर आणि खेड्याला कमी शिकलेला, अशी कायमची वाटणी मान्य करायची असेल तर तसं उघड म्हणावं. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना वर्षभराचा अभ्यासक्रम देऊन ॲलोपॅथीची मुभा द्यावी की नाही, यावर राज्यात २०२५ मध्ये जी झुंज लागली, तिच्यात दोन्ही बाजूंना खेड्याचा कळवळा फार होता. खेड्यात राहायला कोण जाणार, यावर दोन्ही बाजू गप्प होत्या.

अलिबागच्या कॉलेजपुरतं बोलायचं तर अजून वेळ गेलेली नाही. पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून २०२७ च्या सुमारास बाहेर पडेल. तोपर्यंत नागोठणे, पेण, पोलादपूर, सुधागड इथली चार-सहा केंद्रं कॉलेजची अध्यापन केंद्रं म्हणून जाहीर करता येतील, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना शिक्षकाचं पद आणि त्याचा भत्ता देता येईल, विद्यार्थ्यांना एका केंद्रावर सलग तीन-चार महिने मुक्कामाला ठेवता येईल. मुक्काम म्हणजे मुक्काम; सकाळी बस आणि दुपारी परत असं नाही. गावातल्या जुन्या एमबीबीएस डॉक्टरांना आठवड्यातून एकदा वर्गावर बोलवायला तर शासन निर्णयाचीही गरज नाही. आणि दरवर्षी एक साधी यादी कॉलेजने नोटीस बोर्डावर लावावी, नावं नसली तरी चालतील: या तुकडीत रायगडातले किती आले, जिल्हा परिषदेच्या शाळेतले किती, आणि पास होऊन तीन वर्षांनी त्यातले किती जण जिल्ह्यात आहेत. ती यादी लागल्यावर ‘आता गावोगावी डॉक्टर मिळतील’ म्हणणाऱ्यांनी पुन्हा व्यासपीठावर यावं, आम्ही ऐकायला बसू.